घरच्या उंबरठ्याआतील वार्धक्य : मंडळीच्या एका जुन्या सेवेचा इतिहास

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचे ग्रंथ चाळले असता त्यांत धर्मपरिषदा, मतभेद, छळ आणि सुधारणा यांविषयी विपुल मजकूर सापडतो. परंतु अंथरुणास खिळलेल्या म्हातारीच्या घरी भाकरी कोणी नेली, तिच्या उशाशी कोण बसले आणि तिच्याकडून मंडळीने काय घेतले, याचा उल्लेख क्वचितच एखाद्या ओळीत येऊन जातो. ह्या विखुरलेल्या ओळी एकत्र ठेवल्या तर मात्र त्यांतून एक सलग कथा उभी राहते. ती सांगण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी होती. गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्यांना ह्या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. मुले शिक्षण व नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास, आखाती देशांत वा त्याहून दूर गेली. मागे जुने घर आणि त्या घरात एक किंवा दोन वृद्ध माणसे राहिली. रविवारच्या उपासनेत ज्यांची जागा ठरलेली होती, ती जागा एक दिवस रिकामी दिसते आणि मग ती रिकामीच राहते. अशा वेळी पंचकमिटीसमोर बहुधा एकच प्रश्न येतो : वृद्धाश्रम बांधावा काय? हा प्रश्न अयोग्य नाही. परंतु तो पहिला नव्हे, असे इतिहास पाहिल्यावर आम्हांस वाटते. त्याआधी तीन प्रश्न विचारावयास हवेत. वृद्धाचे स्थान कोठे? त्याचा भार कोणावर? आणि मंडळीत तो केवळ घेणारा आहे की देणाराही आहे?

शास्त्रातील पाया

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण शब्बाथशाळेतील मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु ती मुख्यतः प्रौढ इस्राएलांना उद्देशून होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्यांच्या हातांतील बळ गेले आहे अशा आईबापांना घरात अन्न, वस्त्र व प्रतिष्ठा लाभावी हा तिचा प्रत्यक्ष आशय होय. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने ह्याच आज्ञेचा आधार घेऊन एका प्रथेवर कठोर टीका केली. आईबापांच्या उपयोगी पडू शकेल असे धन कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेले, म्हणून जाहीर करावयाचे आणि त्या निमित्ताने घरच्या कर्तव्यातून मोकळे व्हावयाचे, अशी ती प्रथा होती. देवाच्या नावाने दिलेली देणगी जर घरातील म्हाताऱ्यांच्या ताटातून काढलेली असेल, तर ती देवाला मान्य नाही, असा त्या उपदेशाचा रोख आहे. धर्मसंस्था चालविणाऱ्यांनी हा उतारा विशेष नम्रतेने वाचावयास हवा.

ह्याच्या जोडीला आणखी दोन प्रसंग आठवतात. रूथच्या पुस्तकात मुलगे गमावलेली नामी रित्या हातांनी बेथलेहेमास परत येते. शेवटी नातू तिच्या मांडीवर येतो तेव्हा शेजारणी त्याला तिच्या म्हातारपणाचा आधार म्हणतात. आणि त्या आधाराचे मूळ पोटच्या मुलात नसून परदेशी सुनेच्या निष्ठेत आहे, हेही त्याच सांगतात. योहानकृत शुभवर्तमानात वधस्तंभावरून येशू आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो आणि तो शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. दोन्ही ठिकाणी घर टिकते, पण घराची व्याख्या रक्ताच्या नात्यापलीकडे विस्तारते.

पहिली तीन शतके

यरुशलेमेतील मंडळीत पहिला अंतर्गत तंटा उद्भवला तो वृद्ध व निराधार स्त्रियांच्या अन्नावरून, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली आणि त्यातून सात जणांची निवड करण्यात आली. येथे दोष दानाच्या अभावाचा नव्हता, तर व्यवस्थेचा होता. आणि ज्यांची भाषा निराळी, ज्यांचे गणगोत त्या गावी नाही, त्यांच्यावरच उपेक्षेची पाळी आली होती. भाषिक प्रदेशाबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना हा तपशील सहज उमगावा.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात व्यवस्था अधिक स्पष्ट होते. मुलांनी व नातवंडांनी प्रथम आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे ऋण फेडावे. ज्यांना कोणीच नाही त्यांचा भार मंडळीने उचलावा. विधवांच्या यादीत नाव घालावयाचे तर वय साठ वर्षांहून कमी नसावे, असेही तेथे ठरविलेले आहे. ह्या यादीत येण्यासाठी पाहुणचार, मुलांचे संगोपन, संकटग्रस्तांना मदत अशा कामांची साक्ष लागत असे, आणि प्रार्थनेत तत्पर असणे हे विधवेचे लक्षण मानले होते. ही यादी मदत घेणाऱ्यांची की सेवा करणाऱ्यांची, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. आमच्या मते हा मतभेदच उद्बोधक आहे. कारण त्या काळी ह्या दोन गोष्टींत आजच्यासारखी भिंत नव्हती. पॉलिकार्पने दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना विधवांना देवाच्या वेदीची उपमा दिली. वेदीवर अर्पणे ठेवली जातात आणि वेदीवरूनच प्रार्थनेचा धूप वर जातो. घेणे आणि देणे हे दोन्ही त्या एका उपमेत सामावले आहे.

इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये हुतात्मा जस्टिनने आपल्या समर्थनग्रंथात उपासनेचे वर्णन केले आहे. प्रभुभोजनानंतर जे गैरहजर आहेत त्यांच्याकडे डीकन त्या भोजनाचा वाटा घेऊन जातात, असे तो सांगतो. ह्या साध्या विधानाचे महत्त्व मोठे आहे. जो येऊ शकत नाही त्याचे नाव गळत नाही. मेजच त्याच्या घरी जाते. पुढे १९७ च्या सुमारास कार्थेज येथे टर्टुलियनने मंडळीच्या सामायिक निधीचा विनियोग सांगताना दरिद्री, अनाथ व जहाजफुटी झालेले यांच्या जोडीला घरी बसलेल्या वृद्धांचाही उल्लेख केला आहे. त्याच्या लॅटिन शब्दांचा अर्थ काही भाषांतरकार घरातील म्हातारे झालेले दास असा करतात. तो अर्थ घेतला तरी मुद्दा दुबळा होत नाही. उलट, धन्याच्या दृष्टीने निरुपयोगी झालेल्या माणसाची मंडळी दखल घेत होती असे दिसते. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेले पत्र युसेबियसने जपून ठेवले आहे. त्यानुसार त्या एका नगरातील मंडळी १,५०० हून अधिक विधवा व गरजू लोकांचे पोषण करीत होती.

तथापि ह्या काळाचे चित्र सर्वस्वी उजळ रंगात रंगविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिसऱ्या शतकात सिरियात तयार झालेल्या 'डिडास्कालिया' नामक नियमग्रंथात वेदीच्या उपमेचा निराळाच उपयोग केलेला आढळतो : वेदी जागा सोडून हिंडत नाही, म्हणून विधवांनीही घरोघर न हिंडता घरी बसावे. ज्या उपमेने त्यांना मान मिळाला तिनेच त्यांना जखडले. घर हे आश्रयस्थान असते तसेच ते कोंडवाडाही होऊ शकते, हा धडा इतक्या आरंभीच मिळालेला आहे.

घरातून इमारतीकडे

चौथ्या शतकात मंडळीला राजाश्रय मिळाला आणि सेवेचे रूप पालटले. ३७० च्या आसपास बॅसिलने कप्पदुकियातील कैसरियाजवळ रुग्ण, दरिद्री व प्रवासी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. पुढील काळात पूर्वेकडील साम्राज्यात केवळ वृद्धांसाठी असलेल्या गृहांची निराळी संस्था निर्माण झाली आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्यांत तिचा नामनिर्देश येतो. शहरे फुगली होती, खेड्यांतून आलेल्यांना शहरात घर नव्हते. अशांना छप्पर देणे हे दयेचेच कृत्य होते. परंतु देणग्या इमारतींकडे वळल्या की लक्षही तिकडेच वळते. इमारत डोळ्यांना दिसते. गल्लीतील खोलीत एकटे राहणारे माणूस दिसत नाही.

पश्चिम युरोपातील खेड्यांत मात्र घरीच म्हातारे होण्याची रीत दीर्घकाळ टिकली, आणि तीही केवळ मायेच्या भरवशावर नव्हे. तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लंडच्या जमीनदारी न्यायसभांच्या दप्तरांत वृद्ध आईबाप व मुले यांच्यातील करार नोंदलेले आढळतात. बाप जमीन मुलाच्या स्वाधीन करी आणि मोबदल्यात घरात राहण्याची जागा, चुलीजवळ बसण्याचा हक्क, ठराविक मापाचे धान्य व वस्त्र लिहून घेई. करार मोडला तर जमीन परत मागता येत असे. हे वाचून मन क्षणभर खिन्न होते. आपल्याकडेही घर नावावर करून दिल्यानंतर माजघरातून पडवीत आलेल्या वडीलधाऱ्यांच्या कहाण्या कोणास ठाऊक नाहीत? भारताच्या संसदेने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा जो कायदा केला त्याच्या २३ व्या कलमात नेमकी हीच तरतूद आहे. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करवून घेता येते. सात शतकांचे अंतर असूनही मानवी स्वभावाचा अनुभव एकच निघाला.

गोव्याच्या वाचकांना येथे 'मिझेरिकॉर्दिया' ह्या बंधुसंघाची आठवण होईल. १४९८ मध्ये राणी लिओनोरच्या पुढाकाराने लिस्बन येथे त्याची स्थापना झाली व सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो गोव्यात आला. रुग्णालये व आश्रयगृहे चालविण्याबरोबरच, एके काळी बरे दिवस पाहिलेल्या आणि हात पसरण्यास लाजणाऱ्या गरिबांना त्यांच्या घरी गुपचूप मदत पोहोचविणे हे अशा संघांचे एक काम असे. त्या काळच्या वसाहती समाजातील उच्चनीचतेचा डाग ह्या कार्यावर होताच. परंतु मदत देताना घेणाऱ्याची लाज राखावी, ही त्यातील समज आजही घेण्याजोगी आहे.

कायदा, पाळक आणि निवृत्तिवेतन

१५३६ ते १५४० ह्या काळात इंग्लंडातील मठ बरखास्त झाले व त्यांच्याबरोबर दानधर्माची जुनी घडीही विसकटली. १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या असहाय लोकांची जबाबदारी टाकली आणि आईबाप व मुले यांना परस्परांच्या पोषणास कायद्याने बांधले. दोन शतकांहून अधिक काळ अनेक वृद्धांना आठवड्याची छोटी रक्कम, सरपण वा भाड्याची मदत घरीच मिळत राहिली. १८३४ च्या नव्या कायद्याने घरपोच मदतीवर कात्री चालविली आणि श्रमगृहाची भीती घातली. तेथे पतिपत्नींना निरनिराळ्या भागांत ठेवण्यात येई. साठ वर्षांवरील जोडप्यांना बळाने विलग करू नये, एवढी सवलत मिळण्यास १८४७ साल उजाडावे लागले. आयुष्यभर एका छपराखाली राहिलेल्यांना म्हातारपणी एकत्र राहण्यासाठी कायद्याची परवानगी लागावी, यापेक्षा कठोर टीका त्या व्यवस्थेवर करता येणार नाही.

ह्याच शतकात स्कॉटलंडमध्ये थॉमस चाल्मर्स ह्या पाळकाने निराळा प्रयोग केला. १८१९ मध्ये ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशची सूत्रे हाती घेऊन त्याने सुमारे दहा हजार वस्तीच्या त्या विभागाचे २५ भाग पाडले. एकेका भागात ६० ते १०० कुटुंबे आणि प्रत्येक भागावर एक डीकन. डीकनाने घरोघर जावे, अडचण समजून घ्यावी, प्रथम नातलगांना व शेजाऱ्यांना जागे करावे, आणि त्यानंतरच मंडळीच्या निधीला हात लावावा, अशी पद्धत होती. वर्षाचा खर्च १,४०० पौंडांवरून २८० पौंडांवर आला. चाल्मर्सला ह्या बचतीचा अभिमान होता. त्याच्या टीकाकारांना तिच्याचविषयी शंका होती, कारण कमी खर्च म्हणजे कमी दुःख असे नव्हे. १८२३ मध्ये तो तेथून गेला आणि १८३७ मध्ये प्रयोग संपला. प्रत्येक घराचा दरवाजा ठोठावणारे नेमके एक माणूस असावे, ही त्याची कल्पना खरी ठरली. मंडळीच्या पेटीतून सर्व समाजाचे दारिद्र्य निवारता येईल, ही आशा मात्र फोल ठरली.

तो अपुरेपणा ओळखणाऱ्यांतही पाळक होते. कॅनन ब्लॅकली याने १८७८ मध्ये राष्ट्रीय विम्याची कल्पना मांडली. पुढे लंडनच्या वॉलवर्थ भागातील फ्रान्सिस हर्बर्ट स्टेड ह्या काँग्रिगेशनल पाळकाने समाजसंशोधक चार्ल्स बूथ व कामगार पुढारी यांना एकत्र आणून वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची चळवळ उभी केली. १९०८ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत रक्कम पोस्टात मिळू लागली. रक्कम लहान आणि अटी पुष्कळ. परंतु त्या नाण्यांनी अनेकांचे घर राखले. स्वतःच्या हातात चार पैसे असणाऱ्या आजीचा शब्द घरात चालतो, हे अर्थशास्त्र शिकविण्याची आवश्यकता नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली तिचेही मर्म हेच.

दार ठोठावणाऱ्या स्त्रिया

पैशाने घर राहते. परंतु जखम धुण्यासाठी आणि कूस बदलण्यासाठी हात लागतात. १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर ह्या जर्मन पाळकाने काइझर्सवर्थ येथे सेविकांचे प्रशिक्षण सुरू केले. त्यांच्यापैकी अनेक रुग्णालयांत गेल्या, तर काही पॅरिशमध्ये घरोघर जाणाऱ्या परिचारिका झाल्या. १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलने तेथेच काही महिने शिक्षण घेतले. १८५७ पासून एलन रॅन्यर्ड ह्या बाईंनी लंडनच्या गरीब वस्तीत बायबलबायांचे काम आरंभिले आणि १८६८ पासून त्यांना परिचर्येची जोड दिली. वस्तीतलीच स्त्री वस्तीतल्या स्त्रीकडे जाते, ही त्यातील युक्ती.

१८५९ मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचे दीर्घ आजाराने निधन झाले. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेला त्यांनी गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी तीन महिने नेमले. एका महिन्यातच दुःख पाहवत नाही म्हणून ती काम सोडावयास निघाली. रॅथबोन यांनी तिला धीर दिला. मुदत संपली तेव्हा तिने हेच काम पुढे चालविण्याची इच्छा दर्शविली. त्यातून शहराचे १८ विभाग करून प्रत्येकी परिचारिका नेमण्याची पद्धत निघाली आणि १८८७ नंतर ती राष्ट्रीय संस्था बनली.

फ्रान्समधील जान ज्युगाँ हिची कथा ह्याच काळची. १८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या ४७ व्या वर्षी, सेंट-सर्व्हान गावी तिने एका आंधळ्या व अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडात आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. ह्यातूनच 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ निघाला. १८८२ मध्ये तो कोलकात्यास आला व पुढे सिकंदराबादेतही त्याचे वृद्धगृह उभे राहिले. संस्थांविषयी अढी असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की जगभर पसरलेल्या ह्या वृद्धगृहांचा आरंभ एका खाटेपासून झाला. आणि ज्यांना खरोखरच कोणी नाही, त्यांच्यासाठी अशी गृहे आजही अत्यावश्यक आहेत.

आपल्या मराठी मंडळीचा अनुभव

मराठी प्रदेशात अमेरिकन मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व लंडन मिशनचे कार्य १८२० मध्ये बेळगावात सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्यांपैकी अनेकांचे घर सुटले. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. परंतु ओसरीवरील हक्काची जागा कोणताही कायदा देऊ शकत नव्हता. म्हातारपणी सांभाळणारे एकत्र कुटुंब हा जो आधार शेजाऱ्यांना सहज लाभे, तो ह्या पहिल्या पिढीला नव्याने जुळवावा लागला. मंडळीतील माणसे काका, मावशी, आजी झाली ती केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे, तर गरज म्हणून.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मुली व विधवांबरोबर वृद्ध व दुर्बल स्त्रियांनाही जागा दिली. त्यांच्या स्वतःच्या उत्तरायुष्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली, प्रकृती ढासळलेली, तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत सोडले नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे काम, शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात हाती घेतले. आणि 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वयात कोणी त्यांना सर्व सोडून स्वस्थ बसण्याचा सल्ला दिला असता आणि त्यांनी तो मानला असता, तर मराठी साहित्य किती दरिद्री राहिले असते!

दोन अलीकडचे प्रयोग

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील श्रीमंत देशांनी वृद्धांसाठी मोठमोठी गृहे बांधली आणि त्यांतील उणिवाही त्यांनाच प्रथम जाणवल्या. कोपनहेगनजवळील रॉडोव्रे येथे १९८० पासून तीन वर्षे एक साधा प्रयोग झाला. ७५ वर्षांवरील २८५ व्यक्तींच्या घरी दर तीन महिन्यांनी भेट देण्यात आली. तुलनेसाठी २८७ व्यक्तींना अशी भेट दिली गेली नाही. भेटी झालेल्यांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग २१९ आले, तर दुसऱ्या गटात २७१. मृत्यू अनुक्रमे ५६ आणि ७५ झाले. पुढे इतरत्र झालेल्या अशा चाचण्यांचे निष्कर्ष सर्वत्र इतके स्पष्ट निघाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरी डेन्मार्कने बोध घेतला. १९८४ मध्ये स्केव्हिंगे येथे वृद्धगृहाचे रूपांतर आरोग्यकेंद्रात करून दिवसरात्र घरपोच परिचर्या सुरू झाली. १९८७ च्या कायद्याने जुन्या पद्धतीची नवी वृद्धगृहे बांधणे थांबविले. आणि १९९६ च्या कायद्याने वृद्धांच्या घरी भेट देण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आली. ह्यामागील तत्त्वे तीन होती : आयुष्याचे सातत्य, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार, आणि उरलेल्या शक्तीचा उपयोग.

एवढा पैसा आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणेल. त्याला केरळचे उत्तर आहे. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे वेदनाशमन व परिचर्येची संस्था निघाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे विणले गेले. सामान्य माणसांना थोडे शिक्षण द्यावयाचे, आठवड्यातील काही तास मागावयाचे, परिचारिकेबरोबर त्यांना घरोघर पाठवावयाचे आणि खर्च लहानलहान स्थानिक देणग्यांतून उभा करावयाचा, अशी ती रीत. २००८ मध्ये केरळ सरकारने ह्या सेवेचे धोरणच जाहीर केले.

इतिहासाची शिकवण

एवढ्या दीर्घ प्रवासातून आमच्या हाती काय लागते ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, घर आणि संस्था ह्यांत वैर नाही. परंतु क्रम आहे. ज्याला घर आहे त्याचे घर राखावे, ज्याला नाही त्याला द्यावे. हा क्रम उलटला की कुर्बानची जुनी पळवाट नव्या पाटीखाली पुन्हा उघडते.

दुसरी गोष्ट, घरी राहू द्या एवढे म्हणून भागत नाही. घरात भार कोण उचलतो? बहुधा सून, लेक, किंवा स्वतःच साठी गाठलेली पत्नी. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून मंडळीतील कोणी तेथे जाऊन बसले, तर ती सेवा वृद्धाची आहे तितकीच तिची आहे. न्हाणीघरातील निसरडी फरशी, जिन्यावरील अंधार, कठड्याचा अभाव, औषधांच्या पुड्यांतील घोटाळा ह्या गोष्टी व्यासपीठावरून दिसत नाहीत. भेटीस जाणाऱ्याच्याच ध्यानी येतात. आणि डोळे उघडे ठेवून जाणाऱ्याला, घरात कोणी वृद्धाला हिडीसफिडीस करीत असेल, उपाशी ठेवीत असेल, तर तेही कळते. अशा वेळी मौन पाळणे म्हणजे सौजन्य नव्हे. २००७ च्या कायद्याचा मार्ग दाखविणे हेही पाळकीय कर्तव्यच होय.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. इतिहासात वृद्धांची सेवा जेथे जिवंत राहिली तेथे त्यांच्याकडून काही मागितले गेले होते. यादीतील विधवांकडून प्रार्थना व पाहुणचार, तीमथ्याच्या आजीकडून, लोईसकडून, विश्वासाचे बाळकडू, मंदिरातील चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नेकडून साक्ष. आनंद हा दिलेल्या जेवणाच्या डब्यातून येत नाही. आपली कोणाला गरज आहे ह्या जाणिवेतून येतो. जे वडील उपासनेस येऊ शकत नाहीत त्यांना दर आठवड्यास पाच नावे प्रार्थनेसाठी लिहून द्यावीत. जुन्या मंडळीचा इतिहास, विरत चाललेली गीते व चाली त्यांच्याकडून उतरवून घ्याव्यात. नव्याने विवाह झालेल्या जोडप्यांना त्यांच्या घरी पाठवावे. प्रभुभोजन त्यांच्याकडे न्यावे आणि परत येताना त्यांचा आशीर्वाद मंडळीसाठी आणावा.

पुढल्या पंचकमिटीसमोर वृद्धाश्रमाच्या जागेचा ठराव यावयाचा असेल तर जरूर यावा. मात्र त्याआधी एक कोरा कागद घेऊन त्यावर मंडळीतील पंच्याहत्तर वर्षांवरील सर्वांची नावे, त्यांचे पत्ते, आणि प्रत्येक नावासमोर दर आठवड्यास दार ठोठावणाऱ्या एका माणसाचे नाव लिहिले जावे, एवढीच आमची विनंती आहे. त्या कागदावर जी नावे एकाकी उरतील त्यांच्यासाठी इमारत बांधावी. ती संख्या आपण समजतो त्याहून पुष्कळच लहान निघेल, असा आमचा विश्वास आहे.